बाबांना विचारून सांगते

त्या कारखान्यात लाइफ जॅकेटं शिवली जायची. शिलाईची एकशे दहा मशीनं सहा ओळींत मांडलेली होती आणि त्यातलं एखादं अडलं की हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हाक उठायची, "अगं, मिस्त्रींच्या मुलीला बोलवा कुणीतरी!"

मिस्त्रींची मुलगी म्हणजे ठमी. हे तिचं घरचं लाडाचं नाव. चौतीस वर्षांच्या बाईला ते शोभत नाही हे तिलाही कळत होतं. शाळेच्या दाखल्यावरचं एक चांगलं, भारदस्त नाव होतं तिला, पण ते हजेरीच्या यादीत जे जाऊन बसलं ते तिथेच बसलं. घरात ती ठमी आणि कारखान्यात मिस्त्रींची मुलगी. आपणही तिला ठमीच म्हणू, कारण ही गोष्ट सुरू झाली तेव्हा दुसरं काही म्हणणारं कुणी नव्हतं.

मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. एकतीस वर्षं ते इथे हेड मेकॅनिक होते. मशीनचा नुसता आवाज ऐकून काय दुखतंय ते सांगायचे, आणि सांगताना समोरच्याची अक्कलही काढायचे. त्या शिव्यांचाही लोकांना अभिमान वाटायचा. प्रत्येक मशीनला पुठ्ठ्याचं एक कार्ड टांगलेलं असे. त्यावर तारीख, काय बिघडलं, काय केलं, आणि शेवटच्या छोट्या चौकटीत करणाऱ्याची सही. मिस्त्री सही करत नसत. एक गोल काढायचे आणि त्यातून एक रेघ ओढायचे, सुईत दोरा ओवल्यासारखी. त्या गोलावर सगळ्यांचा भरवसा होता. गोल दिसला की मशीन बिनघोर चालवायचं.

तंत्रशाळेतून शिकून आल्यावर ठमीने बाबांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा हेड मेकॅनिकची जागा कुणालाच दिली गेली नाही. त्यांचं टेबल, त्यावरचा शिकंजा, हत्यारांचे खण, सगळं एका जाड कापडाखाली झाकून ठेवलं. ठमी खिडकीशी एका स्टुलावर बसून तेच काम करू लागली. टेबलाजवळ जायची तिला कुणी मनाई केली नव्हती. जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आणि पहिल्याच आठवड्यात तिने ती चूक केली.

तिसऱ्या ओळीतलं एक मशीन दोरा तोडत होतं. ठमीने पाहिलं, सुईखालच्या पट्टीचं भोक एका बाजूने खरवडलं गेलं होतं. पट्टी बदलायला हवी, ती म्हणाली. शेजारी सुपरवायझर बाई उभ्या होत्या. बाई म्हणजे कारखान्यातलं मोठं प्रस्थ. कमरेला कात्री, कपाळावर चष्मा, आणि तोंडात सदैव एक वाक्य तयार.

"मिस्त्री असते तर आधी दोऱ्याचा ताण बघितला असता," बाई म्हणाल्या. "पट्टी काय, उठलं की बदलायची?"

अर्धा तास वाद झाला. ताण बघितला, सुई बदलली, दोरा बदलला. पट्टीला काही हात लागला नाही. संध्याकाळी ठमी चरफडत घरी गेली. बाबा टीव्हीवर सामना बघत होते. तिने त्यांना एक अक्षर विचारलं नाही. सकाळी कामावर येऊन मात्र ती बाईंना म्हणाली, "काल बाबांना विचारलं. ते म्हणाले, पट्टी बदल."

"मग बदल की! उभी काय राहिलीस?"

दोन मिनिटांत पट्टी बदलली आणि मशीन सुरळीत चालू लागलं. बाई साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा! घरी बसून माणसाने बरोबर सांगितलं." ठमीला हसू आलं. वाद घालण्यापेक्षा हे सोपं आहे, तिने मनाशी म्हटलं. सोप्या वाटेची हीच तर खोड असते, ती परतीची नसते हे फार उशिरा कळतं.

त्यानंतर "बाबांना विचारून सांगते" हे तिचं हत्यारच झालं, पान्यासारखं, खिशात कायम. सकाळी दहाला उत्तर माहीत असलं तरी ते दुसऱ्या दिवशी सांगायचं, म्हणजे विचारल्यासारखं दिसतं. एकदा तर तेवढ्यासाठी एक बरं होण्यासारखं मशीन तिने दिवसभर बंद ठेवलं. कार्डावर ती बाबांचाच गोल काढायची. पुढे पुढे तिला त्यात मजाही येऊ लागली. जे तिला स्वतःला बोलता येत नव्हतं ते बाबांच्या तोंडून बोलता यायचं. "बाबा म्हणाले, तेल घालायचा कंटाळा येत असेल तर मशीनला हात लावू नका." "बाबा म्हणाले, सुई वाकेपर्यंत चालवणाऱ्याची अक्कल गहाण पडलीय का?" लोक खुशीत मान डोलवायचे. तिने स्वतः असं म्हटलं असतं तर तिला दारात उभं केलं नसतं.

अशी तीन वर्षं गेली. मधे नवी मशीनं आली, पडदा असलेली, बटणांवर चालणारी. मिस्त्रींनी त्यातलं एकही कधी उघडलेलं नव्हतं. तरी त्यांचे सल्ले येतच राहिले आणि लागू पडतच राहिले. यात काही खटकतंय असं कुणालाही वाटलं नाही.

मग मंगळवारी नव्या मॅनेजर साहेबांनी ठमीला केबिनमध्ये बोलावलं. साहेब येऊन सहा महिने झाले होते. तरुण माणूस, बोलणं नम्र, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. शेजारच्या खुर्चीत सुपरवायझर बाई बसल्या होत्या.

"हेड मेकॅनिकची जागा आता भरायची आहे," साहेब म्हणाले.

याच वाक्याची ठमी तीन वर्षं वाट बघत होती.

"मी सगळी कार्डं बघितली," साहेब पुढे म्हणाले. "एक गोष्ट लक्षात आली. अवघड काम निघालं की उत्तर तुमच्या वडिलांकडून येतं. बाईंनीही तेच सांगितलं. तेव्हा असं ठरवलंय की हेड मेकॅनिक बाहेरून आणायचा, आणि मिस्त्रींना सल्लागार म्हणून आठवड्यातून दोन दिवस बोलवायचं. पत्र आजच पाठवलंय त्यांना. तुम्ही आहात तशाच राहाल, मदतनीस म्हणून. तुमचं काम चोख आहे, त्याबद्दल वाद नाही."

"आणि ते पट्टा मशीन अडलंय ना," बाई म्हणाल्या, "ते मिस्त्रीच येऊन बघतील. तुझ्याने काही ते होत नाही."

ठमी "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. खिडकीशी स्टुलावर बसून तिने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. राग कुणावर काढायचा हेही कळेना. साहेबांनी कार्डं वाचली होती. कार्डं तिनेच लिहिली होती. तीन वर्षं ती स्वतःच्या हाताने स्वतःला खोडत आली होती, आणि तेही सुबक, गोल अक्षरात.

घरी पोचली तर बाबा आरशासमोर उभे होते. अंगात जुना निळा कामाचा शर्ट, कडक इस्त्रीचा. पत्र टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेलं.

"बघ, बसतोय अजून," ते पोटावरून हात फिरवत म्हणाले.

"शेवटचं बटण सोडून," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

ठमीने पर्स खाली ठेवली. हे घोंगडं भिजत ठेवलं तर आपल्याला पुन्हा बोलायला जमणार नाही हे तिला ठाऊक होतं. "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. कारखान्यात मी तुमचं नाव घेऊन..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. मी सांगितलं म्हणून सांगतेस." बाबा आरशातूनच बोलत होते. "तुमच्या बाई भेटल्या होत्या बाजारात. मी निवृत्त झालो त्याच वर्षी. म्हणाल्या, मिस्त्री, पट्टीचं बरोबर ओळखलंत. मी म्हटलं, हं."

"हं?"

"मग काय म्हणणार? कसली पट्टी, असं विचारू?"

ठमी खुर्चीत बसलीच. "अडीच वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

आई दारात येऊन उभी राहिली. हातात पुसायचं फडकं. "आणि मी तुम्हा दोघांना वाढत होते," ती म्हणाली. "एक खोटं बोलून जेवायची, एक ते पचवून जेवायचा. मला वाटलं, असेल तुमच्या मशीनांची काही रीत."

बाबा हळूच खाली बसले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी काढलं. "खरं सांगू का ठमे? मला बरं वाटत होतं. रिकामा बसलो की हात वळवळतात. शेजारपाजारचे पंखे किती दुरुस्त करायचे? बाजारात कुणी थांबून 'मिस्त्री, तुमच्यामुळे मशीन वाचलं' म्हणालं की दोन दिवस झोप चांगली लागायची. माझं काही नाही हे कळत होतं, पण नको म्हणवत नव्हतं."

ठमीला त्यांची दया आली. दयेबरोबर रागही आला, आणि राग वरचढ ठरला. "ते सगळं माझं होतं, बाबा. ती पट्टी माझी होती. तेलाच्या नळीचं माझं होतं. पडद्याच्या मशीनचं सगळं माझं होतं. आता ते कुणाला तरी बाहेरून आणून तुमच्या टेबलावर बसवतायत आणि मी स्टुलावरच."

"मग आता?"

"उद्या सांगणार आहे. सगळं."

बाबांनी पत्राकडे पाहिलं. "आणि मग मी कोण उरतो?"

"ते मला माहीत नाही," ठमी म्हणाली, "पण मी कोण ते मला सांगायलाच हवं."

बाबा उठले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि न जेवता आत जाऊन पडले. आईने ताट झाकून ठेवलं.

बुधवारी सकाळी ठमी स्वतःहून केबिनमध्ये गेली. बाईंनाही बोलवा, म्हणाली. उभ्यानेच तिने सांगितलं. बाबांना आपण एकदाही विचारलेलं नाही. तीन वर्षांतली सगळी उत्तरं आपली आहेत. आपलं कुणी ऐकत नव्हतं म्हणून त्यांचं नाव पुढे केलं. गोल काढला तो आपण. चूक झाली.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. बाईंचा चेहरा मात्र लाल झाला.

"म्हणजे तीन वर्षं आम्हाला मूर्ख बनवलंस?"

"बाई, तुम्ही ऐकलं असतं तर..."

"माझ्यावर नको ढकलूस!" बाई उठल्या. "मी मुलींना शपथेवर सांगायचे, मिस्त्रींनी बघितलंय, चालवा. माझ्या शब्दावर चालवायच्या त्या. आता त्यांना काय सांगू? की एक पोरगी मनाला येईल ते सांगत होती?"

"मनाला येईल ते नव्हतं. मशीनं चालली ना?"

"चालली असतील." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, हे ठमीला अपेक्षित नव्हतं. वाघाने रडावं तसं काहीतरी चमत्कारिक वाटलं ते. "पण मला सांगायला हवं होतंस."

हे ठमीला लागलं, कारण खरं होतं. बाईंनी आपल्याला कमी लेखलं हे जितकं खरं, तितकंच.

साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण माझी पंचाईत बघा. कालपर्यंत तुम्ही म्हणत होता, वडिलांनी सांगितलं. आज म्हणता, नाही सांगितलं. मी कुठलं धरू?"

"कुठलंच धरू नका," ठमी म्हणाली. "पट्टा मशीन बंद आहे. ते मला द्या. माझ्या नावावर. नाही जमलं तर तुमचा माणूस आणा, मी स्टुलावर बसेन आणि तोंड उघडणार नाही."

"शुक्रवारी दुपारपर्यंत," साहेब म्हणाले. "सोमवारी माल जायचाय."

पट्टा मशीनचं दुखणं असं. जॅकेटच्या खांद्यावर जो जाड पट्टा असतो तो ते मशीन आपोआप शिवायचं, चौकोन आणि त्यात फुली. गेले दोन आठवडे दर सात-आठ पट्ट्यांमागे एकाचा टाका सुटत होता, आणि सुटायचा तो नेहमी चौथ्या कोपऱ्यात. एक टाका सुटला तर काय मोठंसं, असं शर्टाच्या बाबतीत म्हणता येतं. जॅकेट अंगात असलेल्या माणसाला पाण्यातून वर ओढतात ते त्याच पट्ट्याला धरून.

टाका सुटला की हूक बघ, हे मिस्त्रींचं वाक्य सगळ्या हॉलला पाठ होतं. हूक म्हणजे मशीनच्या पोटातलं ते चोचीचं चाक, जे सुईच्या दोऱ्याचा फास पकडतं. ते जरा मागेपुढे झालं की फास हुकतो. बाईंच्या आग्रहाखातर ठमीने तीनदा हूक लावून पाहिला होता. तीनदा तो मुळातच बरोबर होता.

गुरुवार तिने नुसता बघण्यात घालवला. मशीन हाताने, एकेक टाका फिरवत. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. मुली येता-जाता बघत होत्या आणि कुजबुजत होत्या. एकीने तर विचारलंच, "आज बाबा काय म्हणाले गं?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. ठमीचे कान तापले. तिने मान वर केली नाही आणि चौथा कोपरा फिरवला.

तिथे पट्टा दुहेरी दुमडलेला असे आणि आत फोमची कड यायची. सुई खाली गेली, वर येऊ लागली, आणि तिच्याबरोबर पट्टाही केसभर वर उचलला गेला. केसभरच. पण पट्टा वर आला की दोरा सैल पडत नाही, फास तयारच होत नाही, मग हूक बिचारा पकडणार काय? सुईभोवती एक छोटा पाय असतो, पट्टा दाबून धरणारा. तो जरा उंच बसवलेला होता, जुन्या, जास्त जाड पट्ट्याच्या हिशोबाने. दोन आठवड्यांपूर्वी पट्ट्याचे नवे रोल आले होते. ठमीने जुना तुकडा शोधून आणला आणि दोन्ही मोजले. नवा पट्टा पातळ होता.

ती कितीतरी वेळ तो तुकडा हातात धरून बसली. इतका आनंद तिला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं. घरी बाबा दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हते. मीठसुद्धा आईकरवी मागत होते.

शुक्रवारी सकाळी साहेब आणि बाई मशीनपाशी आले. हॉलमधली निम्मी मशीनं आपोआप थांबली. ठमीने दोन्ही पट्टे दाखवले, काय होतंय ते समजावलं आणि म्हणाली, "हूकला हात लावायचा नाही. हा पाय एक मिलिमीटर खाली घ्यायचा."

"हूक नाही?" बाई म्हणाल्या.

"नाही."

"एकतीस वर्षं मिस्त्री सांगत आले, टाका सुटला की हूक बघ. आणि तू म्हणतेस, हात लावायचा नाही? पाय खाली घेतलास आणि सुई त्याच्यावर आपटून मोडली तर? या मशीनचा सुटा भाग मिळायला महिना लागतो." बाई साहेबांकडे वळल्या. "माझा आता हिच्या शब्दावर विश्वास नाही. मी मिस्त्रींना फोन लावते. यावेळी खरोखर विचारू."

साहेबांनी ठमीकडे पाहिलं. ठमीला वाटलं, संपलं. बाबांनी हे मशीन कधी पाहिलेलं नाही. ते हूकच म्हणणार. आणि का म्हणू नये? निळा शर्ट खुंटीला लटकतोय, पत्र तांब्याखाली आहे, एका शब्दाने सगळं परत मिळण्यासारखं आहे.

"लावा," ती म्हणाली. "पण सगळ्यांना ऐकू येऊ दे."

बाईंनी फोनचा स्पीकर चालू केला. घंटी वाजली. मग टीव्हीचा गलका आणि बाबांचा आवाज. "बोला बाई."

बाईंनी सगळं सांगितलं. चौथा कोपरा, सुटणारा टाका, ठमीचं म्हणणं. "हिचं खरं मानू का? तुम्हीच सांगायचात ना, हूक बघ म्हणून?"

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. हॉलमधली उरलेली मशीनंही थांबली. ठमीने मशीनची कड घट्ट धरली होती.

"सांगायचो," बाबा म्हणाले. "माझ्या मशीनांना ते लागू होतं. हे तुमचं पडद्याचं मशीन मी उघडलेलं नाही, बाई. त्याच्या पोटात काय आहे मला ठाऊक नाही."

"मग काय करायचं?"

"थांबा. तिला विचारून सांगतो."

बाईंनी फोनकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो बिघडलाय.

"ठमे, आहेस का तिथे?"

"आहे, बाबा." तीन दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"हूक बरोबर आहे?"

"तीनदा बघितला. बरोबर आहे."

"मग फास का पडत नाही?"

"पट्टा सुईबरोबर वर येतोय. नवा रोल पातळ आहे. पाय उंच राहिलाय."

"हं." ते विचार करत होते आणि त्यांचा विचार साऱ्या हॉलला ऐकू येत होता. "किती खाली घेणार?"

"एक मिलिमीटर."

"सुई आपटणार नाही?"

"हाताने फिरवून बघितलंय. जागा राहते."

"आणि नंतर जाड पट्टा आला तर?"

"तर परत वर घ्यायचा. कार्डावर लिहून ठेवणार आहे, कुठल्या पट्ट्याला किती."

"बरं." मग घसा खाकरून बाबा म्हणाले, "बाई, विचारलं मी. ती म्हणते, पाय खाली घ्या. घ्या मग. उभ्या काय राहिलात?"

आणि फोन बंद झाला.

हॉलमध्ये पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "कर."

ठमीचे डोळे भरून आले होते, पण पाना हातात असताना रडायची सोय नसते. तिने पाय एक मिलिमीटर खाली घेतला, सुई एकदा हाताने फिरवली आणि मशीन सुरू केलं. पन्नास पट्टे. एकेक निघेल तसा बाई उचलायच्या, चौथ्या कोपऱ्यावरून नख फिरवायच्या आणि बाजूला ठेवायच्या. विसाव्याला साहेब खुर्ची ओढून बसले. पन्नासाव्याला बाईंनी दोनदा नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. शब्द थोडेच होते, पण मिस्त्रींचं नाव न घेता त्यांनी ठमीला बरोबर म्हटल्याची तीन वर्षांतली ही पहिलीच वेळ.

साहेब उठले. "बाहेरच्या माणसाचं थांबवतो. तीन महिने तुम्ही हेड म्हणून काम बघा, मग कायम करू." जाता जाता ते थबकले. "आणि मिस्त्रींना पाठवलेलं ते पत्र? परत मागवू का?"

"नको," ठमी म्हणाली. "जुनी सव्वीस मशीनं अजून चालतात. त्यांच्यासाठी बाबांसारखा माणूस मिळायचा नाही. येऊ दे त्यांना." मग आवाज जराही न चढवता तिने पुढे सांगितलं, "पण टेबल माझं."

साहेबांनी मान हलवली. ठमी गेली आणि टेबलावरचं जाड कापड तिने स्वतःच ओढून काढलं. तीन वर्षांची धूळ उडाली, दोघी-तिघी शिंकल्या.

मग ती पट्टा मशीनपाशी परत आली आणि कार्ड हातात घेतलं. तारीख. काय बिघडलं. काय केलं. शेवटच्या चौकटीपाशी पेन सवयीने गोल काढायला वळलं. तिने ते थांबवलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या दाखल्यावरचं. चौकट गोलापुरती होती. नाव तीत मावलं नाही, ओळीबाहेर जाऊन पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत पोचलं. तिने ते तसंच राहू दिलं.

बाईंनी मान वाकडी करून ते वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. "हे तुझं नाव होय?"

"हो."

"चांगलं आहे की." बाईंनी कात्री कमरेला नीट केली. "दुसऱ्या ओळीतलं शेवटचं मशीन सकाळपासून घरघरतंय. त्याला काय झालंय?"

ठमीने तोंड उघडलं. तीन वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. तिने ती गिळली आणि पाना उचलला.

"बघते आणि सांगते," ती म्हणाली.